कान नसलेला कॉम्प्युटर

बाबा,

तुमच्या कॅसेटचं काम झालं. तुमचं गाऱ्हाणं आता कॉम्प्युटरमध्ये आहे. तुम्ही हे काम सांगितलंत त्याला वीस वर्षं उलटून गेली, आणि त्यातली पंधरा तर तुम्ही नाहीच आहात. तरी एकदा झालं म्हणून कळवतोय. जुनाच कॉम्प्युटर, तोच, पांढऱ्याचा आता पिवळट झालेला. तुम्ही दर रविवारी ज्याची पाठ फडक्याने पुसायचात तो. माळ्यावरून खाली काढला तेव्हा सुरू होईल असं मला वाटलं नव्हतं. झाला. आतली बॅटरी संपलीय, त्यामुळे दर वेळी तारीख विचारतो आणि मग निमूट कामाला लागतो.

गाऱ्हाण्यापासून सुरुवात करतो, कारण लाज तिथूनच सुरू झाली. गावात गाऱ्हाणं घालायचा मान आपल्या घराकडे होता, आणि तुम्ही तो मुलुंडला घेऊन आलात. बिल्डिंगमध्ये कुणाचा गणपती आला, कुणी नवी रिक्षा घेतली, कुणाची सून बाळंतपणाला माहेरी निघाली, की तुम्हाला बोलावणं यायचं. तुम्ही डोक्याला टोपी घालून, नारळावर हात ठेवून देवाला हाक मारायचात, एकेकाचं मागणं मांडायचात, आणि प्रत्येक मागण्यापाशी थांबायचात. त्या थांबलेल्या जागी जमलेल्या सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. ते कुणी म्हटलं नाही तर मागणं पोचत नाही, असं तुम्ही मला सांगितलं होतंत. मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. खंडेनवमीला तुम्ही मला भांडुपच्या तुमच्या रंगाच्या कारखान्यात न्यायचात. यंत्रांना झेंडूच्या माळा, खाली पेढ्यांचे खोके, शेठसुद्धा चपला काढून उभे. पॅकिंगमधला एक साधा कामगार, म्हणजे तुम्ही, पुढे व्हायचा आणि सगळा कारखाना त्याच्या मागून ओरडायचा. सगळ्यांत मोठा आवाज माझा असायचा. शेठ हसून म्हणायचे, "छोकऱ्याचा गळा बापापेक्षा भारी आहे." घरी येताना माझ्या हातात दोन पेढे जास्त असायचे.

मग मी मोठा झालो, म्हणजे आगाऊ झालो. कॉलेजात तुमच्याशी मालवणी बोलणं सोडलं. तुम्ही मालवणीत विचारायचात, मी शुद्ध मराठीत उत्तर द्यायचो, आणि आपण दोघंही त्यात काही वेगळं नाही असं दाखवायचो. इंजिनियरिंग कंपनीच्या ड्रॉइंग विभागात नोकरी लागली. कंपनीतलं काम घरी करता यावं म्हणून कॉम्प्युटर घेतला. तुम्ही त्याला हळद-कुंकू लावलंत, आणि तुमची पाठ वळल्यावर मी ते पुसलं. हेही तुम्हाला ठाऊक असेल, कारण पुसायचं फडकं तुमचंच होतं आणि ते लाल झालं होतं.

तो रविवार मला नीट आठवतो. ऑफिसातले तिघे घरी आले होते. आमचे साहेब, आणि माझ्याबरोबरचे दोघे. आईने कांदाभजी केली होती. मी त्यांना नवी ड्रॉइंग दाखवतोय, मध्येच स्पीकरवर गाणं लावून दाखवतोय, माझी छाती फुगलेली. तुम्ही दारात उभे आहात. बनियन, पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी, खांद्यावर पंचा. गाणं संपल्यावर तुम्ही विचारलंत, "काय रे, ह्येच्यात माझा गाऱ्हाणा भरूक येतला काय? तू व्हय म्हाराजा म्हण, मी गाऱ्हाणा घालतंय. र्‍हवात तरी कायमचा." साहेबांनी विचारलं, गाऱ्हाणा म्हणजे काय. तुम्ही त्यांना करून दाखवायला लागलात. गळा मोकळा करून, हात जोडून, थेट पहिली हाक. एकजण खिडकीबाहेर बघायला लागला, दुसऱ्याने ओठ दाबून धरले. मी घाईघाईने म्हणालो, "बाबा, याच्यातून आवाज फक्त बाहेर येतो. आत जात नाही. तशी सोयच नाही याच्यात."

ओठ दाबणाऱ्याला आता हसू आवरेना, कारण सोय आहे हे त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं. मागच्या बाजूला तीन जागा होत्या. हिरवी स्पीकरची, निळी टेप वगैरे जोडायची, गुलाबी माइकची. एक साधा माइक आणला असता तर त्याच संध्याकाळी काम झालं असतं. तुम्ही क्षणभर त्या कॉम्प्युटरकडे बघितलंत आणि म्हणालात, "असां काय. भायर येता, आत जाणा नाय." आणि आईला चहा टाकायला सांगायला आत गेलात. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात हे मला तेव्हा बरं वाटलं होतं. आता तीच गोष्ट सगळ्यांत जास्त टोचते.

एवढ्यावर राहिलं असतं तरी एक वेळ ठीक होतं. पण पुढच्या रविवारी पाठ पुसताना तुम्ही विचारलंत, "हिरव्यात स्पीकर आसा. मग ह्या निळ्या आणि गुलाबी कसला?" मी म्हणालो, त्या बंद आहेत, कंपनीने नुसत्या ठेवल्यात, त्यात काही घालू नका, शॉक बसेल. आणि तुम्ही पुन्हा विचारू नये म्हणून तुमच्याच हत्यारांच्या पेटीतून वायरला गुंडाळायची काळी टेप काढली, दातांनी दोन तुकडे तोडले आणि दोन्ही जागांवर पट्ट्या मारल्या. तुमच्यासमोर. तुम्ही वर अंगठ्याने दाबून त्या नीट बसवल्यात. म्हणालात, "बरा केलंस. पोरांनी बोट घातला तर."

पुढे एकदा आपल्या गावच्या मंडळाची सभा होती, नाहूरच्या शाळेच्या हॉलमध्ये. चहा-बटाटेवडा चालू होता. कुणीतरी सांगत होता की त्याचा मुलगा कॉम्प्युटरवर भजनं भरतो. तुम्ही लगेच म्हणालात, "आमच्या झिलाचो कॉम्प्युटर ड्रॉइंगचो. त्येका कान नसतत." आजूबाजूचे खो खो हसले. एकाने विचारलं, "कोणी सांगल्यान तुमका? सगळ्यांका आसतत." तुम्ही माझ्याकडे वळून बघितलंत. मी वडा खात होतो. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की हो, असतात, माझं चुकलं. मी चटणी वाढून घ्यायला उठलो. परत आलो तेव्हा तुम्ही त्याला समजावत होतात, की कॉम्प्युटर बरेच प्रकारचे असतात, आणि माझ्या झिलाला त्यातलं कळतं, तुला कळत नाही. त्यानंतर तुम्ही गाऱ्हाणं भरायचं नाव कधी घेतलं नाहीत, आणि मला वाटलं, सुटलो.

आई गेल्या वर्षी गेली. तिच्या पत्र्याच्या डब्यात, तिच्या बँकेच्या पासबुकाखाली आणि तुमच्या कारखान्याच्या ओळखपत्राखाली, ही कॅसेट निघाली. मूळची भजनांची, बाजारातून आणलेली. तशा कॅसेटवर पुन्हा भरता येऊ नये म्हणून वरच्या कडेला खाच मोडलेली असते. ती खाच तुम्ही काळ्या टेपचा तुकडा चिकटवून बंद केली होतीत, म्हणजे वर भरता यावं. त्याच पेटीतली टेप. वर तुमच्या अक्षरात बॉलपेनने लिहिलेलं होतं, 'गाऱ्हाणा. झिलाच्या कॉम्प्युटरासाठी.' मी ती कॅसेट सात-आठ महिने कपाटात ठेवली. बायको दोनदा म्हणाली, "अहो, ऐका तरी एकदा." मी म्हणायचो, टेपरेकॉर्डर बिघडलाय. तो खरंच बिघडला होता, पण दुरुस्त करणारी माणसं अजून आहेत.

शेवटी गावाहून चुलतभावाचा फोन आला म्हणून हललो. देवळाचा नवा मंडप झालाय, उत्सवाला दुपारी महाप्रसादाआधी जुन्या माणसांचं काहीतरी ऐकवायचंय. "काकाचा गाऱ्हाणा कोणाकडे आसा काय रे? हल्लीच्या पोरांका धड शब्द येणत नाय. काकासारखा कोण घालीत नाय आता." मी 'आहे' म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

टेपरेकॉर्डर घेऊन घाटकोपरला गेलो. स्टेशनजवळ गल्लीत एक जुने मेकॅनिक आहेत, टेबलावर सगळी मेलेली यंत्रं मांडून बसलेले. त्यांनी आतला सैल पट्टा बदलला आणि विचारलं, "आता कॅसेट कोण ऐकतं साहेब?" मी म्हणालो, कॉम्प्युटरमध्ये घ्यायचीय. मोबाइल समोर धरला, तर घरात पंख्याची घरघर आणि खालच्या रस्त्यावरचे हॉर्नच जास्त येणार. नव्या लॅपटॉपला एकच बारीक जागा, ती हेडफोनची. ते म्हणाले, "जुना डेस्कटॉप आहे काय घरी? मग कशाला डोकं खाताय. दोन्ही बाजूंना पिन असलेली वायर देतो. एक टोक टेपच्या हेडफोनमध्ये, दुसरं मागच्या निळ्यात. गुलाबीत घालू नका, तो माइकचा आहे, आवाज फाटेल. निळा त्यासाठीच असतो." मी म्हणालो, माहीत आहे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "माहीत आहे तर इतकी वर्षं काय केलंत?" ते सहज बोलले, वायर गुंडाळता गुंडाळता. मी पैसे देऊन निघालो.

कॉम्प्युटर खाली काढला, पाठ वळवली, तर दोन्ही पट्ट्या जागच्या जागी. नखाने काढल्या. टेप निघाली, गोंद राहिला. काळा, चिकट, तुमच्या अंगठ्याने दाबलेला. केरोसीन आता घरात नसतं, म्हणून खोबरेल तेलाच्या बोळ्याने पुसत बसलो. आधी पिन गुलाबीत घातली. मेकॅनिकने नको सांगितलेलं असूनही घातली, कारण तुम्ही माइक मागितला होतात आणि तो तिथे लागला असता. आवाज फाटलेलाच आला. मग निळीत घातली. कॉम्प्युटरमध्ये निळीतून आत यायचा आवाज बंद करून ठेवलेला होता, तोही मीच केव्हातरी केलेला असणार. तिथे एक खूण करायची होती. केली. आणि पडद्यावर हिरवी रेघ थरथरायला लागली.

पहिल्यांदा कुकरची शिट्टी आली. मग तुमचं खाकरणं. तुम्ही स्वयंपाकघरात, ओट्यावर टेपरेकॉर्डर ठेवून बोलत होतात, कारण बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर होता आणि तिथे माझं काम असायचं. आईचा आवाज येतो, "मी म्हणू काय व्हय म्हाराजा?" आणि तुम्ही सांगता, "नको गो. झिलान म्हणूक व्हया. त्येच्यासाठी जागा सोडतंय मी." मग तुमचं गाऱ्हाणं सुरू होतं. प्रत्येक मागणं, आणि त्यानंतर मोकळी जागा. कुकरची वाफ तेवढी ऐकू येते. गावच्या वाटेसाठी, जागा. मुंबईला नोकरीधंद्याला आलेल्या पोरांसाठी, जागा. वरच्या मजल्यावरच्या म्हातारीच्या गुडघ्यासाठी, जागा. इतक्या बेताने सोडलेली, की माझा आवाज तिथे बरोबर बसला असता. लहानपणीचा, कारखान्यातला.

आणि मग हे. मी ते इतक्या वेळा ऐकलंय की शब्द न् शब्द लिहू शकतो. "तसाच म्हाराजा, माझ्या झिलान घराक कॉम्प्युटर हाडल्यान. बरो आसा, काम करता. पण आवाज भायर टाकता, आत घेणा नाय. त्येच्यात झिलाची चूक नाय, यंत्राची पण चूक नाय. तर त्येका तू कान दी म्हाराजा, आणि माझ्या झिलाक वायच येळ दी." आणि जागा.

तुम्ही मला टोमणा मारत होतात काय, हे शोधायला मी ते पुन्हा पुन्हा लावलं. टोमणा असता तर बरं झालं असतं, मी चिडलो असतो, आपण बरोबरीत आलो असतो. नव्हता. म्हातारीच्या गुडघ्यासाठी ज्या आवाजात मागितलंत त्याच आवाजात मागितलंत. माझ्या खोट्यासाठी तुम्ही देवापुढे हात जोडलेत, बाबा. आणि माझी चूक नाही हेही त्याला सांगून टाकलंत, न विचारता.

आता पुढचं सांगतो. ते सांगायलाच बसलो होतो, बाकीचं लांबण मी मुद्दाम लावलं.

गावाला पाठवायच्या फाइलमधून मी ते मागणं कापलं. चुलतभाऊ ऐकेल, मंडळातले ऐकतील, त्यातले दोघे-तिघे तरी नाहूरच्या त्या सभेला होते. त्यांना लगेच कळलं असतं. पन्नाशी उलटलेला माणूस, पोरगी कॉलेजात, आणि तरी मला तेवढंसं हसू नको होतं. पडद्यावर आवाजाचा उंचवटा दिसतो, दोन्ही बाजूंनी खूण करायची आणि एक बटण दाबायचं. तेही मला धड जमलं नाही. 'तसाच म्हाराजा' हे मला आधीच्या मागण्याचं शेपूट वाटलं, ते राहिलं. मधलं गेलं. आणि पुढची जागा तुम्ही सोडलेली, ती सपाट रेघच होती, तिच्याकडे माझं लक्षच गेलं नाही. पेनड्राइव्हवर घेतलं, लॅपटॉपवरून पाठवलं.

उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी भावाने मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. नवा मंडप, पताका, केळीच्या पानांच्या चळती, पुढे देवळाच्या पायऱ्यांवर ठेवलेला मोठा स्पीकर. त्यातून तुमचा आवाज. बसलेली माणसं पहिल्याच जागेला उभी राहिली, कुणी सांगितलं नव्हतं तरी. "व्हय म्हाराजा." म्हातारे, बायका, डोक्यावरून पदर घेतलेल्या, वाढपी हातात बादल्या घेऊन. दर मागण्याला. म्हातारीच्या गुडघ्यालासुद्धा, आणि ती तर कधीच वारली. मग तुम्ही म्हणालात, "तसाच म्हाराजा," आणि पुढे काहीच नाही. नुसती कुकरची वाफ, स्पीकरमधून सगळ्या मंडपावर. मी व्हिडिओ बंद करणार होतो. तेवढ्यात सगळा मंडप एका आवाजात बोलला, "व्हय म्हाराजा."

काय मागितलंय ते कुणाला माहीत नव्हतं. तुम्ही जागा सोडलीत म्हणून त्यांनी ती भरली.

संध्याकाळी भावाचा फोन आला. खूप लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणाला. मग म्हणाला, "मधीच एकदा तुटला रे. काकान थंय काय मागलेल्यान?" मी गॅलरीत उभा होतो. समोरच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी दोरीवरचे कपडे काढत होतं. सांगायला याहून सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती. मी म्हणालो, "तिथे टेप खराब झालीय. काही ऐकू येत नाही." तो म्हणाला, "असांदे. देवाक पोचला ना, झाला तर." आणि जेवलास काय म्हणून विचारलं.

ते कापलेलं मागणं मी टाकून दिलेलं नाही. पूर्ण गाऱ्हाणं याच जुन्या कॉम्प्युटरमध्ये आहे. माइकही आणलाय, गुलाबीत लावलाय. बायको आणि पोरगी बाहेर गेल्या की तुमचं लावतो, त्या मागण्यापर्यंत येतो, जागा येते, आणि निघून जाते. चार वेळा झालं. अख्ख्या गावाला जे न ऐकता म्हणता आलं, ते मला ऐकून म्हणता येत नाही. पाचव्यांदा करून बघेन.

हे पत्रही मी याच्यावरच टाइप केलंय. याला नेट नाही, प्रिंटर केव्हाच भंगारात गेला. इथून ते कुठेही जाणार नाही, आणि ते माहीत आहे म्हणूनच मी इतकं खरं लिहू शकलो. टेप खराब नव्हती, बाबा.